किती पिशव्यांनंतर थांबायचं?

मॅडम,

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी एका रात्री चोवीस वर्षांचा मुलगा आला. उसाच्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकली होती. ट्रॉलीला ना दिवा, ना रेडियम. तालुक्याच्या दवाखान्यातून चार सलाईन लावून पाठवलेला, अंग गार, बीपी साठ. कमरेचं हाड फुटलेलं, लिव्हर फाटलेलं. लगेच ओटीत घेतलं. लिव्हर पॅक केलं, म्हणजे कापडाच्या घड्या ठासून दाबलं, ओटीपोट पॅक केलं. तीन तासांत एकोणीस पीसीव्ही (लाल पेशींच्या पिशव्या) आणि चौदा एफएफपी (प्लाझ्माच्या पिशव्या) गेल्या. शेवटी टाक्यांतून, नाकातून, सुईच्या प्रत्येक भोकातून रक्त झिरपत होतं. टेंपरेचर बत्तीस सेल्सिअसच्या खाली, रक्ताचा पीएच ६.८, म्हणजे आम्लता फार वाढलेली. हृदय दोनदा थांबलं. दुसऱ्यांदा अ‍ॅड्रिनलिनवर काही मिनिटं आलं आणि पुन्हा गेलं. तेवढ्यात रक्तपेढीतून फोन आला की ओ पॉझिटिव्हच्या चारच पिशव्या उरल्यात आणि लेबर रूमने दोन मागितल्यात. लेक्चरर सर फोनवर म्हणाले, "तू बघ काय ते." भुलीच्या मॅडमशी बोलून मी थांबले.

बाहेर त्याचे वडील होते. म्हणाले, "ताई, गावातली वीस पोरं खाली उभी हायेत रक्त द्यायला. लागंल तेवढं घ्या, पण थांबू नका." मला त्यांच्याकडे बघवलं नाही. लेबर रूममधली बाई वाचली. दुसऱ्या दिवशी एक सिनियर म्हणाला, "एवढं रक्त वाया घालवलंस." दुसरा म्हणाला, "चोवीस वर्षांचा होता, आणखी दहा द्यायला हव्या होत्या." मला झोप लागत नाही. किती पिशव्यांनंतर थांबायचं हे कुणी ठरवलंय का? आणि मी त्याचं रक्त काढून दुसरीला दिलं का?

– एक निवासी डॉक्टर

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उत्तर

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. असा आकडा नाही. चोवीस तासांत दहा पिशव्या म्हणजे 'मॅसिव्ह ट्रान्सफ्यूजन', ही व्याख्या आपण सगळ्यांनी पाठ केलेली आहे, पण ती मोजणीच्या सोयीसाठी केलेली. थांबायची रेघ म्हणून ती कुणी आखली नव्हती. पन्नासच्या वर पिशव्या लागलेले जखमी बरे होऊन घरी गेल्याच्या नोंदी आहेत, आणि चार पिशव्यांतच संपलेले तर तूही पाहिले असशील. पिशव्या वाढत जातील तशी वाचण्याची शक्यता घटत जाते, हे खरं आहे. पण त्या आकड्यावरून कळतं ते आपण किती दिलं एवढंच. रुग्ण कुठवर पोचलाय, ते त्यातून कळत नाही.

एवढं रक्त देणं सुरू कधी करायचं याचे नियम आपल्याकडे भरपूर आहेत. भोसकल्याची किंवा गोळीची जखम, सिस्टॉलिक म्हणजे वरचं बीपी नव्वद किंवा त्याखाली, नाडी एकशेवीस किंवा त्यावर, सोनोग्राफीत पोटात रक्त. चारांतल्या दोन गोष्टी दिसल्या की रक्तपेढीला फोन लावा, इतकं सोपं ते इंटर्नला सांगता येतं. थांबायचं कधी, यावरचं काम बरंचसं अलीकडचं आणि बहुतेक अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा केंद्रांतलं. तिथे रुग्ण दारात आल्याबरोबर टीईजी नावाच्या यंत्रावर रक्ताची गुठळी कशी धरते आणि किती लवकर विरघळते ते बघतात. बीपी पन्नासच्या आत, लॅक्टेट (ऑक्सिजन पोचत नसला की रक्तात साठतं ते) प्रचंड चढलेलं, गुठळी धरते न धरते तोच विरघळतेय, वाटेतच एकदा हृदय बंद पडून परत आलेलं, अशा गोष्टी एकाच रुग्णात जमल्या की त्यातून वाचलेलं माणूस सापडत नाही, असं त्यांच्या नोंदी सांगतात. एकेकट्या खुणेवर मात्र त्यांचाही भरवसा नाही.

शिवाय या सगळ्या अभ्यासांना एक मोठी खोट आहे आणि ती तू आत्ताच समजून घ्यावीस असं मला वाटतं. ज्या खुणेवर डॉक्टर थांबतात, त्या खुणेचे सगळे रुग्ण जातात. मग अभ्यास छापून येतो की या खुणेचा एकही रुग्ण वाचला नाही. खूण मुळात खरी होती, की आपण थांबलो म्हणून ती खरी ठरली, हे कागदावरून सांगता येत नाही. १९८७ साली अमेरिकेतून ७१ जखमींचा एक अभ्यास आला होता. त्यात शरीराचं तापमान ३२ अंशांच्या खाली गेलेला एकही जण वाचला नव्हता. पुढे रक्त गरम करून भरभर देणारी यंत्रं आली, पोट पॅक करून अर्धवट मिटून बाहेर पडायची आणि दुसऱ्या दिवशी परत उघडायची पद्धत रुळली, प्लाझ्मा पहिल्यापासून द्यायला लागलो. आज फक्त थर्मामीटर बघून कुणी हात बाजूला घेत नाही, आणि घेऊही नये.

मी भूल द्यायचं काम केलं, म्हणजे आयुष्यभर टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभी राहिले. तिथून मी दोन गोष्टी बघत आले. रक्त जिथून जातंय तिथे सर्जनचा हात पोचलाय का? आणि आपण जे देतोय त्याला शरीर काही उत्तर देतंय का?

पहिली गोष्ट तुम्हा सर्जन मंडळींच्या अखत्यारीतली. हात पोचलाच नसेल, तर काही व्यर्थ आहे असं म्हणायचा अधिकारच आपल्याला नाही. तेव्हा उपचार अपुरा आहे, आणि थांबण्याचा विचार करायच्या आधी तो पुरा करायचा असतो. पोटात एवढं रक्त दिसतंय म्हणून सगळे पोटातच डोकं घालतात आणि डाव्या छातीत दीड लिटर साठलेलं असतं. छाती, पोट, कटी, मांडीची हाडं आणि रस्त्यावर सांडून आलेलं, या पाच ठिकाणांचा हिशेब लागलाच पाहिजे. कमरेला चादर घट्ट बांधली होती का, बांधून खाली सरकली तर नव्हती ना, इतक्या साध्या गोष्टीवर दोन-तीन पिशव्यांचा फरक पडतो. ती चादर मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यांवर यायला हवी. आपल्याकडे ती बहुतेकदा पोटावर बांधलेली असते.

हात पोचल्यावर रक्ताचा रंग आणि जात बघायची. लालभडक, उसळून येणारं रक्त म्हणजे कुठेतरी नळी उघडी आहे, शोधायची आणि बांधायची. पातळ, गुलाबी, कुठूनच न येता सगळीकडून पाझरणारं रक्त म्हणजे शरीराची रक्त गोठवायची ताकद संपत आलीय. सक्शनच्या बाटलीत, किडनी ट्रेमध्ये पडलेल्या रक्ताकडे कुणी बघत नाही. मी बघते. ट्रेमध्ये काळसर गोळे दिसले की मला अजून वाव आहे असं वाटतं. ट्रेमधलं रक्त शेवटपर्यंत सरबतासारखं पातळच राहिलं की मी सर्जनला तसं मोठ्याने सांगते. जिथे टीईजी नाही, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी, तिथे साप चावलेल्यासाठी करतो तीच काचेच्या कोरड्या नळीची वीस मिनिटांची तपासणी कुणीतरी बाजूला लावून ठेवावी. जखमीसाठी ती कसोटी म्हणून सिद्ध झालेली नाही, तिच्यावर जीवनमरणाचा निर्णय घ्यायचा नाही, पण वीस मिनिटांनी नळी तिरपी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं तर ते सगळ्या टीमला एकदम दिसतं.

दुसरी गोष्ट उत्तराची. दर चार-सहा पिशव्यांनंतर हात चालूच ठेवून कुणीतरी विचारलं पाहिजे की मघापेक्षा काय बदललं? अ‍ॅड्रिनलिन कमी केल्यावर बीपी टिकतंय का, की औषधाच्या जोरावरच आकडा दिसतोय? श्वासातला कार्बन डायऑक्साइड मॉनिटरवर वर येतोय का? एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएच वळतोय की घसरतोच आहे? एकट्या आकड्याला मी घाबरत नाही. ६.८ पीएचवरून परत आलेले लोक आहेत. मला धास्ती वाटते ती उताराची. ७.१, मग ६.९५, मग ६.८, आणि मधल्या काळात आपण काहीच कमी केलेलं नाही.

काहीच कमी केलेलं नाही, हे म्हणायला मात्र पुरावा लागतो. रक्ताच्या पिशवीत ते गोठू नये म्हणून सायट्रेट असतं. ते रुग्णाच्या रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. मार बसलेलं, रक्त न पोचणारं लिव्हर सायट्रेटचा निचरा करू शकत नाही. कॅल्शियम उतरलं की गुठळी धरत नाही आणि हृदयही आकुंचन पावत नाही. तुझ्या पत्रात कॅल्शियमचा उल्लेख नाही. दिलं असेलच, तरी भुलीच्या कागदावर जाऊन किती आणि केव्हा ते बघ. साठवलेल्या जुन्या पिशव्यांत पोटॅशियम चढलेलं असतं. ओटीत हृदय थांबलं की सगळ्यांच्या मनात रक्तस्राव येतो, पोटॅशियम येत नाही. तेही बघ. छातीत दाबून भरलेली हवा, हृदयाभोवती साठलेलं रक्त, घशातली नळी सरकलेली, या तीन गोष्टी हृदय पहिल्यांदा थांबलं त्याच क्षणी तपासायच्या असतात, कारण त्यांचा उपाय मिनिटाभराचा आहे. रक्ताने रिकामं झालेलं हृदय बाहेरून दाबून फारसं काही पुढे जात नाही. आधी कारण काढायचं, मग छाती दाबायची. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडही असंच, धरलेली गुठळी विरघळू न देणारं, वेळेचं औषध. २०१० साली २०,२११ जखमींवर झालेल्या क्रॅश-२ चाचणीने ते मृत्यू कमी करतं हे दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच आकडेवारीतून हेही कळलं की तीन तास उलटल्यावर सुरू केलं तर उलट अपाय होतो. तालुक्याच्या ठिकाणी चार सलाईनऐवजी ते एक इंजेक्शन गेलं असतं तर, असं माझ्या मनात आलं. सलाईनने रक्त पातळ होतं, गार होतं, आम्लता वाढते. हा मुलगा तुझ्या दारात आला तेव्हाच गोठण्याची अर्धी लढाई हरून आला होता. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरवर मी हे ढकलत नाही, त्याच्याकडे दुसरं काय होतं कोण जाणे. पण तुमच्या कॉलेजने आजूबाजूच्या ग्रामीण रुग्णालयांना दोन ओळींची सूचना पाठवायला काय हरकत आहे? इंजेक्शन लगेच द्या, कमरेला चादर बांधा, सलाईन नाडी लागेल इतकंच द्या, अंगावर पांघरूण घाला.

डोळ्यांच्या बाहुल्यांबद्दल एक वाक्य. खूप अ‍ॅड्रिनलिन गेलेल्या, रक्त न पोचलेल्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या दिसतात. त्यावरून मेंदू गेला असं ठरवू नये. सोनोग्राफीची खूण त्यापेक्षा भरवशाची. २०१५ साली अमेरिकेतल्या एका केंद्राने आणीबाणीत छाती उघडलेल्या १८७ रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांच्या हृदयाची सोनोग्राफीत काहीच हालचाल नव्हती आणि हृदयाभोवती रक्तही नव्हतं, त्यांतलं कुणी वाचलं नाही.

आता तुझ्याकडे आलेला तो मुलगा. हात रक्ताच्या ठिकाणी पोचलेला होता, दोन्ही जागा पॅक झाल्या होत्या. त्यानंतरही सगळीकडून पाझर. प्लाझ्मा जवळजवळ पेशींच्या बरोबरीने गेलेला, म्हणजे तिथेही तुम्ही कमी पडला नाहीत. २०१५ च्या प्रॉपर चाचणीत ६८० जखमींवर हेच प्रमाण तपासलं होतं. प्लाझ्मा, प्लेटलेट आणि पेशी समसमान दिल्यावर पहिल्या चोवीस तासांत रक्तस्रावाने गेलेले ९.२ टक्के होते, प्लाझ्मा-प्लेटलेट निम्मे ठेवल्यावर १४.६ टक्के. तीस दिवसांच्या मृत्यूंत मात्र पक्का फरक दिसला नाही. हेही लक्षात घे की उत्तम साधनं असलेल्या, निवडक केंद्रांतही रक्तस्रावाने माणसं जातात, आणि बहुतेक पहिल्या काही तासांतच जातात. तुझ्याकडे तीन तास झाले होते. तापमान, आम्लता, गोठणं तिन्ही एकाच दिशेने घसरत होती. हृदय दुसऱ्यांदा थांबलं आणि औषधावरही टिकलं नाही. कॅल्शियम आणि पोटॅशियमची बाजू सांभाळली गेली होती असं धरून मी सांगते की तू बरोबर जागी थांबलीस. त्याला आणखी दहा पिशव्या दिल्या असत्या तर त्या ओटीच्या फरशीवर गेल्या असत्या. आणि तो कागद बघितल्यावर कॅल्शियम कमी पडलं होतं असं निघालं, तर ते पुढच्या रुग्णासाठी शिकायचं. अशा अवस्थेत तेवढ्याने तो परत आला असता असं मला वाटत नाही.

वयाबद्दल तुझ्या सिनियरने जे म्हटलं ते मला पटत नाही. चोवीसाव्या वर्षी शरीर जास्त सोसतं, म्हणून आपण जास्त वेळ झगडतो, जास्त लवकर पोट उघडतो. पण शरीराने उत्तर देणं थांबवल्यावर जन्मतारीख बघून पिशव्या वाढवायच्या नसतात. तसंच उलट, सत्तरीच्या माणसाला नुसत्या वयावरून तीन पिशव्यांनी गुंडाळायचं नसतं. आणि जो म्हणाला की रक्त वाया घालवलंस, त्याला विचार, कितव्या पिशवीपासून वाया? पहिल्या तासात त्याचा निकाल कुणालाच माहीत नव्हता. तेव्हा दिलेली प्रत्येक पिशवी त्या वेळच्या माहितीवर योग्य होती.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या एका फोनमुळे तुझ्या डोक्यात दोन वेगळे निर्णय एकात मिसळले आहेत. हा रुग्ण आता कशानेही वाचणार नाही, हा एक निर्णय. हा कदाचित वाचेल, पण रक्त थोडं आहे आणि दुसरीची शक्यता जास्त आहे, हा दुसरा. पहिला वैद्यकीय आहे आणि टेबलाशी असलेल्यांनीच घ्यायचा. दुसरा वाटपाचा आहे. तो टेबलाशी असलेल्या डॉक्टरने कधीच एकट्याने घेऊ नये, कारण तिचं कर्तव्य समोरच्या रुग्णाशी बांधलेलं असतं. तिथे रक्तपेढीचे प्रमुख, ड्यूटीवरचे वरिष्ठ आणि दोन्ही विभागांचे लोक एकत्र यायला हवेत, भले फोनवर. आणि एकाला दुसऱ्याचा बुरखा घालायचा नाही. रक्त संपलं म्हणून थांबलो असू तर तसं लिहावं. 'वाचणार नव्हताच' असं लिहून टंचाई झाकली की ती कधी कुणाला दिसतच नाही, आणि मे महिन्यात, दिवाळीत रक्तपेढ्या रिकाम्या राहतात त्या राहतातच.

तू लिहिलेला क्रम बघ. पाझर, तापमान, दोनदा थांबलेलं हृदय, हे सगळं फोनच्या आधीचं आहे. फोन नसता आला, पेढीत चाळीस पिशव्या असत्या, तरी तू तिथेच थांबायला हवं होतंस. त्या बाईला तू त्याचं रक्त दिलं नाहीस.

लेक्चरर सरांबद्दल मी सौम्य शब्द वापरणार नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला ओटीत असा निर्णय 'तू बघ' म्हणून सोडून देणं चूक आहे. रात्री कितीही वाजले असोत, असा रुग्ण टेबलावर असताना वरिष्ठाने यायचं असतं, आणि येता येत नसेल तर फोन चालू ठेवून आकडे ऐकायचे, 'थांबा' हा शब्द स्वतः उच्चारायचा आणि नोंदीत स्वतःचं नाव लिहायला सांगायचं. हे वरिष्ठाच्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून जितकं, तितकंच तुझ्या झोपेसाठी. पुढच्या वेळी असं झालं तर थेट विचार, "सर, तुमचं नाव आणि वेळ लिहू का?" उर्मटपणे नको, शांतपणे. बहुतेक माणसं त्या प्रश्नाला गाडी काढतात.

थांबण्याचा उच्चार मोठ्याने व्हावा. कुणीतरी एकाने आतापर्यंत काय केलं ते अर्ध्या मिनिटात सांगायचं, कुणाच्या मनात राहिलेला उपाय आहे का विचारायचं, भुलीच्या डॉक्टरला, सिस्टरला, सगळ्यांना. कुणी काही सुचवलं आणि ते करण्याजोगं असेल तर करायचं. नसेल तर वेळ सांगायची. तू भुलीच्या मॅडमशी बोललीस, ते फार चांगलं केलंस. एकटीने ठरवलं नाहीस.

कायद्याची भीती तुझ्या पत्रात नाही, पण वाचणाऱ्या इतरांच्या मनात असते म्हणून लिहिते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की जखमीचा जीव वाचवण्याचे प्रयत्न करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे आणि पोलिसांच्या सोपस्कारांसाठी त्यात उशीर करायचा नाही. ते कर्तव्य तुम्ही पार पाडलंत. २०१८ च्या कॉमन कॉज निकालातली आणि २०२३ मध्ये सोपी केलेली दोन वैद्यकीय मंडळांची कार्यपद्धती व्हेंटिलेटरसारखा चालू आधार काढून घेण्यासंबंधी आहे. ओटीत बंद पडलेलं हृदय सगळे उपाय करूनही सुरू होत नाही, तेव्हा तू आधार काढत नसतेस, मृत्यू जाहीर करत असतेस. नोंद मात्र सविस्तर हवी, वेळा घालून. अपघात म्हणजे एमएलसी, पोलिसांत नोंदवायची केस, शवविच्छेदन होणारच. ते नातेवाइकांना आपणहून आणि लवकर सांगावं. पोलिसाच्या तोंडून पहिल्यांदा कळलं की लोकांना वाटतं, काहीतरी लपवतायत.

आता वडील.

ती वीस पोरं खाली उभी होती आणि वरती तू रक्त थांबवलंस, हे चित्र तुला छळतंय. ते रक्त त्या रात्री त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हतं. वीसांत ओ पॉझिटिव्ह सहा-सात असतील. त्यांचं रक्त काढायचं, एचआयव्ही, दोन्ही काविळी, गुप्तरोग आणि मलेरिया या तपासण्या करायच्या, पेशी वेगळ्या करायच्या, यात काही तास जातात. सैन्यात रणभूमीवर सहकाऱ्याचं ताजं रक्त थेट देतात हे तू वाचलं असशील. तिथे आधीपासून तपासलेल्या जवानांची यादी तयार असते. आपल्याकडे रात्री दोन वाजता तपासणीशिवाय रक्त चढवणं नियमात बसत नाही आणि धोक्याचंही आहे. पण हे सगळं त्या बापाला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याच्या हिशेबी रक्त खाली तयार होतं आणि डॉक्टर नको म्हणत होते. तुमच्या कॅज्युअल्टीतून कुणीतरी 'डोनर आणा' म्हणून त्याला धावायला लावलं असणार, आणि त्या धावण्यात त्याला वाटलं की जितकी पोरं तितका माझा मुलगा जगेल. डोनर जमवायला सांगतानाच दोन वाक्यं जोडायला हवीत. 'आत्ता आम्ही पेढीतलं तयार रक्त देतोय. तुमच्या लोकांचं रक्त तपासून पेढीत भरायचं आहे.' या दोन वाक्यांवाचून कितीतरी घरांत वर्षानुवर्षं हा सल राहतो की अजून चार माणसं आणली असती तर.

आणि निर्णय त्यांच्या गळ्यात घालायचा नाही. 'पुढे करायचं का सांगा' हा प्रश्न बापाला विचारला की तो जन्मभर उत्तर देत बसतो. तू विचारला नाहीस. तुला त्यांच्याकडे बघवलं नाही इतकंच. ते आता करता येईल. शवविच्छेदनाचा अहवाल, विम्याचे कागद, यासाठी ते किंवा घरचं कुणी कॉलेजात येईल. नाही आलं तर केसपेपरवर नंबर असतो, युनिट हेडना सांगून फोन कर. बसून बोल, उभ्याने नको. "तुमचा मुलगा गेला" असंच म्हण, 'वाचू शकला नाही', 'एक्स्पायर झाला' असं नको. लिव्हर आणि कमरेच्या हाडातून किती रक्त गेलं, आम्ही काय काय बांधलं, शेवटी रक्त गोठतच नव्हतं, हृदय दोनदा थांबलं, आणि मग मी थांबले, असं क्रमाने सांग. 'मी' म्हण. पोरांच्या रक्ताचं त्यांनी विचारलं तर खरं काय ते सांग. त्यांनी त्या रात्री रक्त दिलं असेल तर ते पेढीत गेलं आणि कुणाला तरी लागलं, हे सांगायला हरकत नाही, पण सांत्वन म्हणून आपणहून पुढे करू नकोस. त्या क्षणी ते ऐकायची त्यांची तयारी नसते. ते रागावले तर रागावू दे. बरोबर एक सिस्टर किंवा समाजसेवा अधिकारी घेऊन बस.

झोपेचं अंगावर काढू नकोस. तुमच्याच कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, आणि तिथे ओळखीचे भेटतील म्हणून संकोच वाटत असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि युनिटला एक बैठक मागून घे. मृत्यू-आढाव्याची नेहमीची नको. तिथे प्रोफेसर बोलतात आणि निवासी खाली मान घालून बसतात. या बैठकीला भूल विभाग, लेबर रूम, ओटीच्या सिस्टर आणि त्या रात्री फोन करणारा रक्तपेढीचा तंत्रज्ञ, सगळे हवेत. पेढीचा साठा दहाच्या खाली गेला की फोन कुणाला करायचा, ओटीतल्या रेसिडेंटला की ड्यूटीवरच्या वरिष्ठाला, हे ठरवा. कॅल्शियम कितव्या पिशवीला जाईल ते ठरवा. प्लाझ्मा वितळायला अर्धा तास लागतो, तेव्हा पहिला फोन गेला की पेढीने न विचारता किती युनिट पाण्यात टाकायची, तेही ठरवा. दर किती पिशव्यांनी थांबून विचारायचं आणि थांबण्याचा शब्द कोण उच्चारेल, हे एका कागदावर लिहून युनिट हेडची सही घ्या आणि तो ओटीच्या फोनशेजारी चिकटवा. लेक्चरर सरांचा मोबाइल नंबरही त्यावर असू दे.